चौदा नावांची यादी

बयो, काल रात्री तू फोनवर चौदा नावं वाचून दाखवलीस आणि विचारलंस, "ताई, यातली कुठली ठेवू, कुठली काढू?" मी "उद्या सांगते" म्हणून फोन ठेवला, पण ती यादी रात्रभर डोक्यात फिरत राहिली. चार आयआयटी, दोन आयसर, बंगळुरू, हैदराबाद, पुणे, जर्मनीतली दोन, अमेरिकेतली तीन. या चौदा नावांत तू मला कुठे दिसलीच नाहीस. ती यादी तुमच्या ग्रुपवर फिरते आहे, हे तूच सांगितलंस. म्हणजे तुझ्या वर्गातल्या कुठल्याही मुलीची ती असू शकते.

म्हणून लिहायला बसले. फोनवर बोलत असलो की आई मध्येच विचारते काय चाललंय, अप्पा बातम्यांचा आवाज वाढवतात, आणि जे बोलायचं असतं ते राहूनच जातं.

तुला आठवतं का, तू अकरावीत होतीस तेव्हाची गोष्ट? द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी होऊन महिना झाला होता आणि मध्येच पाऊस येऊन गेला होता. पहाटे अप्पांच्या मागे बॅटरी घेऊन तू रस्त्याकडच्या प्लॉटमध्ये गेलीस आणि मला हाका मारून बोलावलंस. एक पान उलटं धरून दाखवलंस. वरून तेलाचा थेंब सांडल्यासारखा पिवळा डाग आणि बरोब्बर त्याच्याच खाली पांढरा कापूस. "काल संध्याकाळी हे नव्हतं. एका रात्रीत कुठून आलं?" असं तू विचारलंस. अप्पांना हा डावणी रोग म्हटल्यावर फवारणीचा ब्लोअर जोडायची घाई होती. मी नुकतीच एम.एस्सी. झालेले, पुस्तकातलं पाठ उत्तर देऊन टाकलं. त्यावर तुझं समाधान झालं नाही. पुढचे आठ दिवस तू त्याच ओळीतल्या दहा वेली रोज पहाटे बघत होतीस आणि रसायनशास्त्राच्या वहीच्या मागच्या पानावर डाग मोजून लिहीत होतीस. बांधाकडच्या वेलींवर कमी, मधल्या वेलींवर जास्त, असं काहीतरी निघालं होतं त्यातून. ती वही मी जपून ठेवली आहे.

मला वाटतं, तुझ्या यादीची सुरुवात त्या वहीच्या पानापासून व्हायला हवी. तू मायक्रोबायोलॉजीला गेलीस ती गुणांच्या हिशेबाने गेली नाहीस. मग आता पुढचं ठरवताना आधी विद्यापीठांची नावं आणि मग त्यात आपला विषय कुठे बसतो ते बघायचं, असा उलटा प्रवास कशाला? आधी प्रश्न ठरव. तो नीट एका ओळीत लिही. "वनस्पतींचे रोग" एवढं मोघम नको. डावणी पानात शिरते कशी, एकच औषध दोन-तीन वर्षांनी लागू पडेनासं का होतं, काही वाण तग का धरतात, यातलं नक्की कशामागे जायला तुला आवडेल? तीन वाक्यं लिहिलीस तरी पुरे. ती वाक्यं झाली की चौदातली निम्मी नावं आपोआप गळतील आणि आज यादीत नसलेली दोन-चार नवी येतील.

या डावणीचीच एक गोष्ट तुला सांगायची राहिली होती. हा रोग मूळचा अमेरिकेतला. १८७८ च्या सुमारास तो फ्रान्सच्या द्राक्षबागांत पोचला आणि तिथले शेतकरी हवालदिल झाले. बोर्दो विद्यापीठात मिलार्दे नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. १८८२ मध्ये बागांतून फिरताना त्यांना दिसलं की सगळीकडे पानं गळलेली आहेत, पण रस्त्याच्या कडेच्या वेली मात्र हिरव्यागार. चौकशी केली तेव्हा कळलं की येणाऱ्या-जाणाऱ्यांनी घड तोडून खाऊ नयेत म्हणून मालक कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना मारून ठेवायचे, बघून किळस यावी म्हणून. त्यातून १८८५ मध्ये ते औषध जगापुढे आलं. अप्पा आजही ड्रममध्ये मोरचूद आणि चुना कालवतात ते बोर्डो तेच, आणि त्याचं नाव त्या गावावरूनच पडलं. मिलार्देंचं विद्यापीठ बागांच्या शेजारी होतं, म्हणून त्यांना त्या वेली दिसल्या. तुझा प्रश्न जिथे रोज लोकांच्या डोळ्यांसमोर असतो, अशी जागा शोध.

अशा जागा आपल्यापासून फार लांब नाहीत. पुण्यात आघारकर संशोधन संस्था आहे, महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने १९४६ मध्ये सुरू केलेली. बुरशींचा राष्ट्रीय संग्रह तिथे आहे आणि द्राक्षाच्या वाणांवरही तिथे वर्षानुवर्षं काम चाललंय. रोगांना सहज बळी न पडणारा, रसासाठीचा एआरआय-५१६ हा वाण तिथलाच. पीएच.डी.ची नोंदणी मात्र सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडे होते. मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, १९९७ पासूनचं. अप्पा तिथल्या शेतकरी मेळाव्याला जाऊन आलेत. ती संशोधन संस्था आहे, पदवी देणारं विद्यापीठ नाही. म्हणून ती तुमच्या ग्रुपवरच्या यादीत कधीच येणार नाही. पण एम.एस्सी.चा प्रकल्प किंवा पुढे पीएच.डी.चं काम तिथल्या शास्त्रज्ञांबरोबर करता येईल का, हे विचारायला काय हरकत आहे? राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ तर आपल्या दाराशी. तिथे मात्र एक अडचण बघून घे. वनस्पती रोगशास्त्राच्या एम.एस्सी.ला बहुतेक कृषी विद्यापीठं कृषीचीच पदवी मागतात. पात्रतेचा तो एक परिच्छेद सगळ्यात आधी वाचायचा असतो आणि मुली तो सगळ्यात शेवटी वाचतात, फी भरून झाल्यावर.

आता माझं सांगते. हे मी तुला कधी नीट सांगितलेलं नाही. अप्पांनाही अर्धंच माहीत आहे.

पीएच.डी.ला जाताना मी एका मोठ्या संस्थेचं नाव बघून गेले. कुठली ते राहू दे. पत्रिकेत, पाहुण्यांत, सगळीकडे ते नाव शोभत होतं. गाईड कोण मिळणार, ते काय काम करतात, त्यांच्याकडे आधी किती जण होते, यातलं मी एक अक्षर विचारलं नाही. विचारणं उद्धटपणाचं वाटलं. गेल्यावर कळलं, सरांच्या निवृत्तीला जेमतेम दोन वर्षं उरली होती. लॅबमधले सिनिअर आपापला प्रबंध उरकण्याच्या मागे होते, नवीन रसायनं मागवायला निधी नव्हता. सर माणूस म्हणून चांगले होते, मी त्यांना दोष देत नाही. पण दोन वर्षांनी ते गेले आणि मला दुसऱ्या विषयावर, दुसऱ्या माणसाकडे सोपवण्यात आलं. त्या विषयात माझा जीव नव्हता. मी सोडलं. घरी सांगितलं, हवा मानवत नाही. त्या दिवाळीत मी घरी आले तेव्हा तू मला अंगणात रांगोळी काढायला बसवलंस आणि मी ठिपके चुकवत होते, ते यामुळे. पुढे दुसऱ्या, फारसं कुणाला माहीत नसलेल्या ठिकाणी मी नव्याने सुरुवात केली आणि तिथे मला माझ्या बाई भेटल्या. पण ती दोन वर्षं गेली ती गेली.

आता त्यावर नियम आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या प्राध्यापकाला पीएच.डी.चा नवीन विद्यार्थी घेता येत नाही. एका वेळी प्राध्यापकाकडे जास्तीत जास्त आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी असू शकतात. प्रबंधाला कमीत कमी तीन, जास्तीत जास्त सहा वर्षं, आणि मुलींना त्यावर आणखी दोन वर्षांपर्यंत सवलत मिळते. बाळंतपणाची २४० दिवसांपर्यंतची रजाही त्यात आहे. हे आत्ता तुला लांबचं वाटेल. वाटू दे, पण माहीत असू दे. उद्या कुणी "लग्न झालं की कसलं शिक्षण" म्हटलं तर तुझ्याकडे उत्तर असेल.

म्हणून एम.एस्सी.चं ठिकाण निवडतानासुद्धा पुढच्या गाईडवर नजर ठेव. कसं शोधायचं, तेही सांगते. शोधगंगा नावाचं संकेतस्थळ आहे, देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी.चे प्रबंध तिथे फुकट वाचायला मिळतात. तिथे गाईडचं नाव टाक. त्यांच्याकडून किती जण पूर्ण होऊन बाहेर पडले, किती किती वर्षं लागली, विषय एकमेकांना धरून आहेत की दर वेळी भलतेच, सगळं कळतं. आणि एक काम नक्की कर. प्रबंध उघडलास की सरळ ऋणनिर्देशाच्या पानावर जा. शास्त्र नंतर वाच. त्या पानावर लॅब कळते. "सरांच्या मौल्यवान मार्गदर्शनाबद्दल" एवढंच छापील वाक्य आहे, की रात्री अकरा वाजता सरांनी फोनवर प्रयोग समजावून दिल्याची आठवण आहे? लॅबमधल्या मैत्रिणींची नावं आहेत का? मेसच्या मावशींचं, लॅब असिस्टंट काकांचं नाव आहे का? ज्या लॅबमधल्या मुलीला मेसच्या मावशी आठवतात, तिथे माणसं एकमेकांशी बोलत असतात. मी माझ्या बाईंना असंच शोधून काढलं. त्यांच्या तीन विद्यार्थिनींचे ऋणनिर्देश वाचले आणि तिन्हींत त्यांनी प्रबंधातल्या चुका कशा काढल्या हेच प्रेमाने लिहिलेलं होतं.

मग तिथे आत्ता शिकत असलेल्या एखाद्या मुलीला फोन कर. गाईडला ई-मेल नंतर, आधी मुलीला. तिला "कसं आहे?" असं विचारू नकोस, ती "छान आहे" म्हणेल आणि फोन ठेवेल. तिला विचार, शेवटचं घरी कधी गेलीस? विद्यावेतन महिन्याच्या महिन्याला येतं का? तुझ्या आधीची ताई आता कुठे आहे? कुणी मध्येच सोडून गेलं का? या शेवटच्या प्रश्नावर ती दोन क्षण थांबली, तर ते थांबणं नीट ऐक. रात्री कल्चर बघायला जावं लागतं तेव्हा वसतिगृहापर्यंतच्या रस्त्यावर दिवे आहेत का, हेही विचार. हा प्रश्न तू विचारायलाच हवा, यात लाजण्यासारखं काही नाही.

क्रमवारीचंही सांगते, कारण तुझ्या यादीत प्रत्येक नावापुढे आकडा होता. एनआयआरएफची क्रमवारी २०१६ पासून निघते आणि ती अख्ख्या संस्थेला आकडा देते. अख्ख्या बागेचं सरासरी उत्पन्न सांगितलं म्हणून आपल्या एका ओळीत काय पिकलं ते कळतं का? वरच्या नंबरच्या ठिकाणी तुझ्या विषयाचा एकही माणूस नसू शकतो.

कमला सोहोनी तुला माहीत आहेत, आपल्या शाळेच्या फलकावर त्यांचं चित्र होतं. १९३३ मध्ये त्यांनी बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला आणि केवळ मुलगी म्हणून सी. व्ही. रामन यांनी तो नाकारला. त्या हटल्या नाहीत, शेवटी एक वर्षाच्या अटीवर प्रवेश मिळाला. हे सगळे सांगतात. मला त्यांच्या आयुष्यातला त्यापुढचा भाग जास्त जवळचा वाटतो. तिथे त्यांना श्रीनिवासय्यांसारखे कडक पण मनापासून शिकवणारे गुरू मिळाले आणि त्यांनी काम घेतलं ते दूध, कडधान्यं यांतल्या प्रथिनांवर. केंब्रिजला गेल्या तेव्हा बटाट्यावर काम करता करता वनस्पतींच्या श्वसनातलं सायटोक्रोम सी त्यांना सापडलं आणि १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. परत आल्यावर काम केलं ते नीरेवर. दूध, डाळ, बटाटा, नीरा. संस्थांची नावं बदलत गेली, पण लोकांच्या ताटातला प्रश्न त्यांनी सोडला नाही. तुझी डावणी तशी आहे. तिला लहान समजू नकोस. सवयीने आपण तिला बुरशी म्हणतो, पण शास्त्रज्ञ आता तिला खऱ्या बुरशींत धरतच नाहीत, तपकिरी शेवाळाच्या नात्यात धरतात. खऱ्या बुरशीवर चालणारी काही औषधं तिच्यावर चालत नाहीत ती त्यामुळेच. आपल्या प्लॉटमधल्या एका पानाखाली केवढं काम पडलंय बघ.

परीक्षांचं थोडक्यात. आयआयटींच्या एम.एस्सी. प्रवेशाची जॅम फेब्रुवारीत असते आणि फॉर्म साधारण आत्ताच, गणपती उठले की भरायचे असतात. तुझ्यासाठी बायोटेक्नॉलॉजीचा पेपर, त्यात बारावीचं गणित आणि भौतिकशास्त्रही येतं, म्हणून ती पुस्तकं माळ्यावरून काढ. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी. बायोटेक्नॉलॉजीच्या काही एम.एस्सी. अभ्यासक्रमांसाठी गॅट-बी असते, त्यातून प्रवेश मिळाला तर दरमहा विद्यावेतनही मिळतं. पुणे विद्यापीठाच्या विभागाची प्रवेशप्रक्रिया वेगळी. आणि के.टी.एच.एम. किंवा आर.वाय.के. कॉलेजात राहून एम.एस्सी. करणं हा पर्यायही यादीत मानाने लिही. नाशकात राहिलीस म्हणून मागे पडलीस, असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. घरून डबा, समोर बाग, आणि वाचलेल्या पैशात नेट परीक्षेची तयारी. माझ्या लॅबमधली सगळ्यात नेटकं काम करणारी मुलगी जिल्ह्याच्या गावातूनच एम.एस्सी. करून आलेली आहे.

परदेशातली पाच नावं मी तूर्त बाजूला ठेवायला सांगेन, कायमची नव्हे. अमेरिकेत पीएच.डी.ला बहुधा फी माफ होऊन वर पगार मिळतो. नुसत्या मास्टर्सला बहुतेकांना कर्जच काढावं लागतं. जर्मनीत बऱ्याचशा सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नसते, पण राहण्याखाण्याचे पैसे आधी दाखवावे लागतात. द्राक्षासाठी अमेरिकेतलं डेव्हिस आणि फ्रान्समधलं माँपेलिये ही ठिकाणं खरोखरच मोलाची आहेत. पण तिथे तू हातात स्वतःचं काम घेऊन जावंस असं मला वाटतं. दोन वर्षांनी, एम.एस्सी.चा प्रबंध घेऊन. एक एकर विकून जायचं नाही. अप्पा तयार होतील, हीच तर मला भीती आहे.

अप्पांशी बोलायचं तर आकडे घेऊन बोल. त्यांना "संशोधन" म्हटलं की आणखी पाच वर्षं घरून पैसे, असं वाटतं. त्यांना सांग, नेट होऊन जेआरएफ ही अधिछात्रवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, वर घरभाडं वेगळं. २०२३ च्या जानेवारीपासून हा दर आहे. ती नाही मिळाली तरी सारथी, बार्टी, महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्ती आहेत, आपण ज्यात बसू ती बघायची. आता नेटच्या गुणांवर पीएच.डी.चा प्रवेशही मिळतो, दर विद्यापीठाची वेगळी परीक्षा द्यावी लागेलच असं नाही. आणि एम.एस्सी.ची दोन वर्षं पुण्याला आलीस तर कॉट बेसिसवर खोली शोधत बसायची गरज नाही, माझ्याकडे राहा. आईला हे वाक्य आधी सांग, मग बाकीचं.

आरक्षणाच्या दाखल्यांचं मात्र आजच कर. केंद्राच्या संस्थांना राज्याच्या नमुन्यातला दाखला चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातला वेगळा काढावा लागतो, आणि ईडब्ल्यूएसचा दाखला त्या-त्या आर्थिक वर्षापुरताच असतो. निफाडला तहसीलमध्ये दोन चकरा होतील हे धरून चाल. माझ्या एका मैत्रिणीचा चांगला लागलेला नंबर नुसत्या नमुन्यापायी गेला, ती सेतूच्या दारात रडत उभी होती.

आणि बयो, लोक विचारतात त्याचा त्रास करून घेऊ नकोस. "आता पुढे काय?" हा प्रश्न पाहुणे चहा येईपर्यंत विचारतात, चहा आल्यावर विसरतात. तुला त्या प्रश्नाबरोबर पहाटे उठायचं आहे. ज्या ठिकाणाचं नाव घेताना तुला तिथल्या एखाद्या माणसाचं काम डोळ्यांसमोर येतं, ते यादीत राहू दे. ज्याचा नुसता फलक डोळ्यांसमोर येतो, ते खोड.

शनिवारी दुपारच्या शिवशाहीने निघते, सिन्नरला गर्दी नसली तर दिवेलागणीला नाशकात असेन. अप्पांना सीबीएसवर गाडी घेऊन यायला सांग. येताना तुझी ती वही आणते आहे. तू एक कोरं रजिस्टर आणून ठेव, उभ्या रेघा मारून: प्रश्न, माणूस, पात्रता, पैसे, तारीख, आणि शेवटी "कुणाशी बोलले". तोवर तीन ऋणनिर्देश वाचून ठेव. आणि छाटणी झालेली असेल तर रविवारी पहाटे मला उठव, रस्त्याकडच्या त्या दहा वेली बघून येऊ.